खिडकीखालची गाडी

२ नोव्हेंबर

आज आलं ते: दिव्याचं तेल, मोठा डबा, एकशे तीस (नव्या दुकानातून, नेहमीपेक्षा चाळीस कमी). वाती, एक पुडा, बारा. कपड्यांचा साबण, चार वड्या, ऐंशी. सासूबाईंच्या खुर्चीला वेताची नवी बैठक, मजुरीसकट दोनशे दहा. हे फार होतात असं मी खुर्ची विणणाऱ्याला म्हटलं. तो म्हणाला, "बाई, खुर्चीवर माणूस बसणार आहे की कुंडी ठेवणार आहात? माणूस असेल तर एवढे पडतात." दिले.

खुर्ची पुढच्या खोलीत खिडकीशी लावली. सासूबाईंनी बसून पाहिलं, दोन्ही बाजूंना हात टेकले आणि म्हणाल्या, "सिंहासन तर मिळालं. आता राज्य दाखव." त्यांचं राज्य म्हणजे भिंतीपलीकडचा बसडेपो.

गेल्या वर्षी आमच्या गल्लीने अर्ज केला होता तो बसच्या थांब्यासाठी. थांबा आला नाही, उन्हाळ्यात अख्खा डेपोच आला. त्या वेळी सासूबाई म्हणाल्या होत्या, "आंधळा मागतो एक डोळा, देव देतो दोन." त्यावर खालच्या मजल्यावरची शिंपीण म्हणाली, "पण आजी, दिसतंय कुठं अजून?" कारण गाड्या फाटकातून रिकाम्याच निघतात, पाटीवर 'सेवेत नाही' लिहिलेलं असतं, आणि पहिला थांबा पार चौकात. आम्हाला चालत तिथवर जाऊनच आपल्या दारातली बस पकडावी लागते.

पण मला तक्रार करायची नाही. हे बावीस वर्षं बस चालवतात. जुना डेपो नदीपलीकडे होता. अंधारात घरून निघायचे, परत यायचे तेव्हा सासूबाई झोपलेल्या. "मुलगा माझा, पण मला त्याचं पांघरूणच जास्त ओळखीचं," असं त्या म्हणायच्या. आता ह्यांनी लंबू ड्रायव्हरशी बोलून गाडी उभी करायची जागा बदलून घेतली आहे. लंबूची जागा भिंतीलगत होती, बरोबर आमच्या खिडकीखाली. बदल्यात लंबूची रविवारची पाळी हे करतात. गाडी रात्रभर उभी राहिली की ब्रेकची हवा उतरते, सकाळी इंजिन चालू ठेवून ती पुन्हा भरावी लागते, तोवर चाक सुटत नाही. हवा भरेपर्यंत हे गाडीतला दिवा दोनदा लावतात आणि विझवतात. सासूबाई खिडकीतून हात करतात. मग गाडी जाते.

देवाने एवढं ऐकलं, पुष्कळ झालं.

१२ नोव्हेंबर

देवाच्या तसबिरी पुसताना फडकं काळं झालं. चार दिवसांपूर्वीच पुसल्या होत्या. नव्या तेलाचाच हा प्रताप. चाळीस वाचवले आणि देवाच्या तोंडाला काळं फासलं. डबा निम्मा उरला आहे. दुकानदार परत घेणार नाही. तो दाराच्या बिजागऱ्यांना वापरीन.

सासूबाईंना खोकला आहे. थंडी पडली की दरवर्षी होतो.

१३ नोव्हेंबर

जुन्या दुकानातून जुनंच तेल आणलं. एकशे सत्तर.

२४ नोव्हेंबर

सासूबाईंना दवाखान्यात नेलं. रात्री उठून बसतात, उशी पोटाशी धरून. डॉक्टरीणबाई तरुण आहे, बोलायला गोड. छाती तपासून तिने मला विचारलं, "घरात धूर होतो का? चूल आहे? कुणी सिगारेट ओढतं?"

मी म्हटलं, "गॅस आहे. सिगारेट कुणी ओढत नाही. देवापुढे दोन वेळा दिवा लागतो."

"काही दिवस तो बंद ठेवून बघा. आणि खिडकी उघडी ठेवत जा. यांना मोकळी हवा पाहिजे."

सासूबाई उठता उठता म्हणाल्या, "पोरी, देवाचा दिवा विझवायला सांगतेस आणि औषधही देतेस. एकावर तरी विश्वास ठेव की."

डॉक्टरीणबाई हसली. मला हसू आलं नाही. इतकी वर्षं मी माझ्या हाताने त्यांच्या छातीत धूर भरत होते, आणि वर पुण्य जोडत होते.

औषधं तीनशे पंचावन्न, तपासणी शंभर.

२५ नोव्हेंबर

दिवा लावला नाही. माझ्या आठवणीत हा पहिला दिवस. संध्याकाळी देवापुढे नुसते हात जोडून बसले. अंधारात तसबिरी दिसेनात. ठकीने विचारलं, "देव झोपला का?" (ठकी म्हणजे आमची मुलगी. नऊ वर्षांची आहे, पण प्रश्न नव्वदीचे.) मी सांगितलं, देव समजूतदार आहे, आजीसाठी थोडे दिवस अंधारात बसेल.

खिडकीची दोन्ही दारं सताड उघडी ठेवली. सकाळी खुर्ची थोडी पुढे सरकवली, म्हणजे सासूबाईंना मोकळी हवा लागेल आणि ह्यांना त्या नीट दिसतील. हे आज खूष होते. म्हणाले, "आज आईचा चेहरासुद्धा दिसला."

८ डिसेंबर

तसबिरी पुसल्या. फडकं पूर्वीपेक्षा काळं.

दिवा नाही, वात नाही, उदबत्ती नाही. मग हे कुठून?

९ डिसेंबर

खाली शिंपिणीकडे ठकीच्या गणवेशाचं माप द्यायला गेले होते. तिच्या फळीवर सगळं कापड गडद. मी विचारलं, "पांढरं काहीच नाही का गं?"

ती मशीनवरून मान वर न करता म्हणाली, "पांढरं घेणं सोडलं मी, ताई. शिवून होईतो राखाडी होतं. गिऱ्हाईक म्हणतं, जुनं कापड लावलंस. कुणाकुणाला भिंतीपलीकडे नेऊन दाखवू?"

मी घरी आले. खिडकीच्या चौकटीवरून बोट फिरवलं. खुर्चीच्या हातावरून फिरवलं. बैठक अजून नवी आहे, पण वेताच्या प्रत्येक भोकाशी काळी रेघ.

१० डिसेंबर

सकाळी सासूबाईंच्या मागे उभी राहून पाहिलं. रोज मी त्या वेळी डबा भरत असते, कधी पाहिलंच नव्हतं. एकामागून एक गाड्या चालू झाल्या. धूर वर आभाळात गेला नाही, थंडीने तो खिडकीच्या उंचीवरच राहिला, सावकाश भिंतीवरून ओसंडला आणि उघड्या खिडकीतून आत आला, एखाद्या पाहुण्यासारखा, पायताण न काढता. खाली दिवा दोनदा लागला. सासूबाईंनी हात केला आणि मग हात तोंडाशी नेऊन खोकल्या, खाली दिसणार नाही अशा बेताने.

मी खिडकी लावायला पुढे झाले. त्यांनी माझं मनगट धरलं.

"राहू दे."

"आई, धूर येतोय."

"मला काय नाक नाही? डेपो आल्या दिवसापासून येतोय."

"मग बोलला का नाहीत? मी बिचाऱ्या देवाचा दिवा बंद केला."

"तेवढं माझं चुकलं. लाव आजपासून." थोडा दम खाल्ला. "हे बघ सूनबाई. त्याला हे सांगू नकोस. तो गाडी हलवेल. लंबूला जागा परत देईल. एक गाडी हलवून काय होणार? बाकीच्या उभ्याच आहेत की. धूर तेवढाच राहील, आणि मुलगा मात्र दिसायचा बंद होईल. तू हिशेब ठेवतेस ना? मग कर हिशेब."

मी म्हटलं, मी ह्यांना सांगणारच. त्या म्हणाल्या, "सांग. मग तो जन्मभर ह्याच स्टेअरिंगला हात लावेल आणि आईचा विचार करेल. तुला तसला नवरा पाहिजे का?"

संध्याकाळी दिवा लावला. देवाची क्षमा मागितली. ह्यांना सांगितलं नाही.

१५ डिसेंबर

डेपोच्या फाटकावर सूचना लागली आहे. शेजारचे मास्तर (निवृत्त आहेत, सूचना दिसली की वाचल्याशिवाय राहवत नाही) गल्लीत उभे राहून मोठ्याने वाचत होते. टेकडीवरच्या वसाहतीच्या डेपोला नव्या, बॅटरीवरच्या गाड्या मिळणार आहेत. तिथल्या जुन्या गाड्या आमच्या डेपोत येणार. कुणाची हरकत असेल तर सुनावणीला यावं. सुनावणी टेकडीवरच्या सभागृहात.

मास्तर म्हणाले, "म्हणजे त्यांचं जुनेर आपल्याला. वर धन्यवाद म्हणायचं."

हे जेवताना म्हणाले, "जास्त गाड्या म्हणजे जास्त पाळ्या. जादा कामाचे पैसे सुटतील. ठकीच्या पुढच्या शाळेचं बघता येईल." मग माझ्याकडे पाहून, "तू काही तिकडे जाणार नाहीस ना? गल्लीतल्या बायका जायचं म्हणतायत."

मी म्हटलं, "गेले तर?"

"जा की. मी कोण अडवणार. फक्त माझं नाव काढू नकोस. ड्रायव्हरची बायको डेपोविरुद्ध उभी राहिली, हे वरपर्यंत जायला वेळ लागत नाही."

सासूबाई खुर्चीतून म्हणाल्या, "जाऊ दे तिला. सभागृह तरी बघून येईल. मला सांगेल तिथे पंखे किती."

२० डिसेंबर

गेले होते. मी, शिंपीण आणि मास्तर. गल्लीतून निघालो तेव्हा आमच्या बाजूने तीन रिकाम्या बस गेल्या. चौकापर्यंत चाललो, दोन बस बदलल्या. तिकिटं तिघांची मास्तरांनी काढली, माझ्या वाट्याचे मी त्यांना परत दिले.

टेकडीवर झाडं फार आहेत. सभागृहाबाहेर एक नवी गाडी दाखवायला आणून उभी केली होती. ती पुढे सरकली तरी आवाज नाही, शिंपीण दचकून बाजूला झाली. मागे जाऊन मी वास घेतला. कसलाच वास नव्हता. रबराचा थोडा. मला तिथे उभं राहवेना. रडू येईल असं वाटलं. कुणी म्हणेल, बसला पाहून कोण रडतं.

आतमध्ये तिथल्या लोकांनी नव्या गाड्यांसाठी टाळ्या वाजवल्या. चांगले लोक आहेत, त्यांच्या मुलांनाही छाती आहेच. मास्तरांनी आमच्या गल्लीचं सांगितलं. नियोजनाचे साहेब शांतपणे ऐकत होते. त्यांनी पडद्यावर आकडे दाखवले. धूर मोजायचं यंत्र टेकडीवर आहे, तिथली हवा बरी आहे आणि आता आणखी बरी होईल. मास्तरांनी विचारलं, "आमच्याकडे यंत्र का नाही?" साहेब म्हणाले, "तिथून आजवर तक्रारीची नोंद नाही."

मी उठले. म्हटलं, "साहेब, इथे धूर सोडणाऱ्या गाड्या आमच्याकडे आल्यावर धूर सोडायच्या थांबणार आहेत का?"

कुणीतरी हसलं. साहेब हसले नाहीत. म्हणाले, "बाई, शहराचा एकूण धूर कमी होणार आहे. एकूण बघायला हवं."

एकूण मला कळतं. मी रोज काढते. महिन्याचं एकूण चांगलं आलं म्हणून ज्याच्या ताटात कमी पडलं त्याची भूक भागत नाही. हे मला आत्ता लिहिताना सुचतंय. तिथे मी म्हणाले, "आमच्या घरी एक म्हातारं माणूस आहे..." आणि लिहून घेणाऱ्या मुलीने पेन उचलून विचारलं, "नाव सांगा. यजमान काय करतात?"

मी खाली बसले.

शिंपीण माझ्याकडे बघत राहिली. परतीच्या बसमध्ये ती म्हणाली, "ताई, तुमच्या जागी मी असते तर मीपण बसले असते." तिने ते चांगल्या मनाने म्हटलं, पण मला जास्त लागलं.

सासूबाईंनी विचारलं, "पंखे किती?" मी म्हटलं, "पंखे नव्हतेच. गार हवा भिंतीतून येते." त्या म्हणाल्या, "आपल्याकडेही येते की. फक्त गार नाही."

६ जानेवारी

टेकडीवरच्या गाड्या आल्या. लंबू म्हणतो, "सगळ्या म्हाताऱ्या आहेत. हवा धरत नाहीत. भरायला बसलं की एक चहा होतो." आता सकाळी खिडकीतून समोरची भिंतही दिसत नाही. गल्लीच्या दुसऱ्या टोकाच्या बाळालाही नळीने वाफ देतात म्हणे.

साबण या महिन्यात दुप्पट लागला.

१४ जानेवारी

सासूबाई तीन दिवस इस्पितळात होत्या. काल आणलं. डॉक्टर म्हणाले, हवा बदलायला पाहिजे. वन्संचं पत्र आलं आहे. (वन्सं म्हणजे ह्यांची मोठी बहीण. समुद्राजवळ लहान गावात असतात, घरापुढे अंगण आहे.) लिहितात, आईला पाठवा, मी सांभाळते.

मी ते वाचून दाखवलं. सासूबाईंनी मान हलवली. बोलायला आता दोन वाक्यांत थांबावं लागतं.

"तिथली हवा चांगली. मुलगीही चांगली." थांबल्या. "पण तिथे दोनदा दिवा कोण लावणार?"

ह्यांनी मला स्वयंपाकघरात नेऊन विचारलं, "आई का जात नाही गं? तिला तिथे बरं वाटेल."

मी म्हटलं, "तुम्हाला बघायला मिळतं म्हणून."

ह्यांचे डोळे भरले. म्हणाले, "मग उद्यापासून गाडी अजून जवळ लावतो. भिंतीला अगदी चिकटून."

मी तोंड उघडलं होतं. सासूबाई बाहेरच्या खोलीतून खोकल्या. मी तोंड मिटलं.

२२ जानेवारी

आज काही लिहीत नाही. दूध एक, पाव एक.

२८ जानेवारी

सासूबाई गेल्या. तेवीस तारखेला, सकाळी.

आज लिहिते, कारण नंतर मलाच खरं वाटणार नाही.

पहाटे त्यांनी खुर्चीत बसवायला सांगितलं. मी नको म्हटलं. त्यांनी नुसतं बघितलं. मग मी बसवलं, शाल पांघरली, उशी पाठीशी दिली. थंडीमुळे खिडकीचं एकच दार उघडलं. हे खाली गेले. मी चहा टाकायला आत वळले. गाड्या चालू झाल्या, नेहमीसारखी भांडी थरथरली. कप घेऊन बाहेर आले तर मान शालीवर कललेली. हात मांडीवर उघडा. मी नाकापाशी हात नेला. पुन्हा नेला.

खाली दिवा लागला, विझला. लागला, विझला.

मी तशीच उभी. हे वाट बघत होते. पुन्हा दोनदा दिवा. मागच्या गाडीने हॉर्न दिला, कारण ह्यांची गाडी हलल्याशिवाय तिला बाहेर पडता येत नाही. चौकात माणसं थंडीत उभी असणार. मी खुर्चीमागे गेले आणि शालीच्या कडेने माझा हात वर केला.

गाडी गेली.

का केलं ते मला ठाऊक नाही. दिवसभराची पाळी आहे, चौकात गाडी भरणार आहे, ह्यांना असं रस्त्यात कळू नये, असं काहीतरी मनात आलं असेल. किंवा काहीच आलं नसेल. मग मी शिंपिणीला हाक मारली आणि डेपोत निरोप पाठवला.

त्या दिवसापासून येणाऱ्या प्रत्येकाला हे एकच सांगतात. "सकाळी हात केला होता तिने. मी दोनदा दिवा लावला, जरा उशीर झाला, पण तिने हात केला. माझा निरोप घेऊन गेली." सगळे म्हणतात, भाग्यवान आहात. वन्संही तसंच म्हणाल्या आणि रडल्या.

मी देवापुढे दिवा लावते आणि गप्प बसते. ह्यांना सांगायच्या राहिलेल्या गोष्टी आता दोन झाल्या.

५ फेब्रुवारी

वन्सं परत गेल्या. सासूबाईंच्या तीन साड्या, चष्मा आणि त्यांचा पितळी तांब्या बरोबर दिला. खुर्ची द्यायला निघाले होते, पण हे म्हणाले, "राहू दे तिथेच."

१० फेब्रुवारी

सकाळी उठून बघते तर खुर्चीत ठकी. गुडघे पोटाशी घेऊन, आजीची शाल गुंडाळून. खाली दिवा दोनदा लागला आणि तिने हात केला, सासूबाई करायच्या अगदी तसा, मनगटातून.

मी विचारलं, "काय गं, इतक्या लवकर?"

"बाबांनी काल सांगितलं, खिडकी रिकामी बघवत नाही. म्हणून मी आजीची नोकरी घेतली."

हे रात्री आले ते हातात तिच्यासाठी बिस्किटांचा पुडा घेऊन. कितीतरी दिवसांनी हसले. "माझी नवी साहेबीण," म्हणाले.

मी ठकीला म्हटलं, सकाळची झोप मोडू नये. ती म्हणाली, "आजीची मोडत होतीच की."

१८ फेब्रुवारी

खिडकी लावून घेतली तर ती काचेला नाक लावून बसते. आणि काच लावूनही धूर यायचा तो येतोच, दाराच्या फटी आहेत. खुर्ची आत सरकवली तर पुन्हा ओढून नेते. मी रागावले. हे मला म्हणाले, "लहान आहे. आजी आठवते तिला. काय बिघडतं?"

काय बिघडतं.

२ मार्च

ठकी खोकते. कोरडा खोकला. शाळेतून बाईंनी चिठ्ठी पाठवली, पळताना दम लागतो.

मी तिच्या उशाशी बसून ऐकलं. तो आवाज मला ओळखीचा आहे.

मास्तरांनी गल्लीच्या सह्यांचा नवा अर्ज केला आहे. यंत्र बसवा, जुन्या गाड्या काढा, थांबा द्या. मी सही केली. या वेळी पूर्ण नाव लिहिलं आणि खाली 'ड्रायव्हरची पत्नी' असंही. मास्तर म्हणाले, "विचार केलात?" मी म्हटलं, "उशीरच झाला." पण अर्जाचं उत्तर यायला वर्ष जाईल. मागच्या, थांब्याच्या अर्जाचं अजून यायचंय. त्याऐवजी आला तो हा डेपो.

ह्यांना सांगितलं तर गाडी हलवतील, हे खरं. पण मग विचारतील, आईला कशामुळे झालं. मी उत्तर दिलं नाही तरी ते स्वतः देतील. भिंतीला चिकटून गाडी लावली होती हेही त्यांना आठवेल. आणि गाडी हलली तरी बाकीच्या आहेतच. सासूबाईंचा हिशेब मी पुन्हा पुन्हा तपासला. चूक सापडत नाही.

५ मार्च

वन्संना पत्र लिहिलं. फोनवर बोलता येत नाही, दोन खोल्यांत सगळं ऐकू जातं. पत्राची नक्कल इथे उतरून ठेवते. तिकीट पाच.

*वन्सं यांना नमस्कार.*

*इकडे सर्व ठीक. तुम्ही नेलेला तांब्या चेपला असेल तर कळवा, इथला तांबट चांगला आहे.*

*एक विनंती आहे. ठकीला तुमच्याकडे ठेवून घ्याल का? तिथली शाळा चांगली आहे असं तुम्ही म्हणाला होता. तिची फी, जेवण, कपडे, सगळं मी दरमहा पाठवीन, तुमच्यावर एक पैशाचा भार पडू देणार नाही. मुलगी गुणी आहे, सकाळी लवकर उठते, फक्त प्रश्न फार विचारते. तिला अंगणात झोपू द्या. खोकला थोडा आहे, तिथे जाईल.*

*ह्यांना मी शाळेचं कारण सांगितलं आहे. त्यांना वाईट वाटलं, पण हो म्हणाले. खरं कारण तुम्हीही मला पत्रात विचारू नका आणि त्यांना तर कधीच विचारू नका. कधी भेटू तेव्हा मीच सांगेन, सांगता आलं तर. तुमच्या आईचं तुम्ही फार केलंत, आणखी करायची तयारी होती, हे मला माहीत आहे. म्हणूनच तुमच्यापुढे हात पसरते.*

*ती गेल्यावर ह्यांना सकाळी खिडकी रिकामी दिसेल अशी काळजी करू नका. डबा मी आता आदल्या रात्रीच भरून ठेवणार आहे. खुर्चीत मी बसत जाईन. दोनदा दिवा लागला की हात करायला कुणीतरी लागतं.*

*ठकीची पिशवी भरून तयार आहे. पुढच्या आठवड्यात लंबू ड्रायव्हरची बहीण तुमच्या बाजूला जाणार आहे, तिच्यासोबत पाठवता येईल. तेव्हा हो असेल तर हो, नाही असेल तर नाही, पण जे असेल ते कृपा करून उलट टपाली कळवा.*